सामायिक फ्रिजचं शैक्षणिक नेतृत्व

नेतृत्व शिकवून येत नाही असं कोणी म्हणालं, की मी आता वाद घालत नाही. मी ते परदेशात राहून, रीतसर शिकून आलो आहे. माझ्याकडे शैक्षणिक नेतृत्वाची पदव्युत्तर पदवी आहे. तिच्यावर सोनेरी शिक्का आहे आणि तो नखाने खरवडला तरी निघत नाही, याची खात्री शेजारच्या काकांनी आमच्याच घरात बसून, आमचाच चहा पीत करून घेतली आहे.

खरं सांगायचं तर मला नेतृत्व नकोच होतं. मला फक्त माणसं पूर्ण उठायला हवी होती.

हे जरा उलगडून सांगतो. आमच्या शाळेत एक जुनी शिस्त आहे. मुख्याध्यापक शिक्षकांच्या खोलीत आले की सगळा शिक्षकवर्ग ताडकन उभा राहतो. मी उपमुख्याध्यापक. मी आलो की तोच शिक्षकवर्ग खुर्चीच्या हातांवर तळवे टेकवतो, बूड चार बोटं वर उचलतो, ‘या सर’ म्हणतो आणि परत टेकतो. चित्रकलेचे मास्तर तर नुसत्या भुवया उचलतात. माझी उमेदीची सगळी वर्षं या अर्धवट उठण्यात गेली. पगार कमी असला तरी माणूस निभावून नेतो, पण समोरचा उठता उठता विचार बदलतो हे रोज पाहणं फार जड जातं.

तेव्हा मुख्याध्यापक पुढच्या वर्षी निवृत्त होणार हे नक्की झाल्यावर मी सरळ संस्थेच्या अध्यक्षांकडे गेलो. अध्यक्षांचं लोखंडी कपाटांचं दुकान आहे. नुकतेच ते शिक्षणावरच्या कुठल्याशा परिसंवादाला जाऊन आले होते आणि येताना एक पिशवी, एक पेन आणि एक मत घेऊन आले होते.

“सर, खुर्ची तुमचीच,” ते म्हणाले. “पण जग कुठल्या कुठे गेलंय. नुसती ज्येष्ठता आता कोण विचारतो? नेतृत्वाची परदेशी पदवी घेऊन या. मग मला चार लोकांत तोंड वर करून सांगता येईल.”

घरी येऊन सौ.ला सांगितलं. ती त्याच शाळेत गणित शिकवते. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे वर्षभर तुम्ही नसणार. मग वेळापत्रक आणि बदली तास कोण बघणार?”

नवरा सातासमुद्रापार निघालाय आणि बाईसाहेबांना बदली तासांची पडलीय! “बघेल कोणीतरी,” मी म्हणालो. हे कोणीतरी म्हणजे तूच, असं अध्यक्षांनी दुसऱ्याच दिवशी तिला कळवलं. तात्पुरतं, अर्थात.

मग सल्ल्यांची रांग लागली. शेजारचे काका एका कचेरीतून निवृत्त झाले आहेत. तिथे त्यांच्या हाताखाली कोणीच नव्हतं, त्यामुळे नेतृत्वाविषयीची त्यांची मतं अजून शाबूत आहेत. “मास्तर, एक लक्षात ठेवा,” ते म्हणाले. “जाल तिथे पहिल्याच दिवशी एकाला चारचौघांत झापायचं. बाकीचे आपोआप ताळ्यावर येतात.” मी म्हटलं, काका, मी तिथे विद्यार्थी म्हणून चाललोय. “मग काय झालं? दुसऱ्या विद्यार्थ्याला झापा,” काका म्हणाले. सासूबाईंनी वेगळीच शंका काढली. जावई या वयात पुन्हा वर्गात बसणार म्हणजे आधी नापास झाले होते का, असं त्यांनी लेकीला हळूच, म्हणजे मला ऐकू जाईल इतक्या हळू, विचारलं.

वर्गात पाऊल ठेवल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की त्या देशाचा एकही विद्यार्थी त्या वर्गात नव्हता. सगळे बाहेरून आलेले. त्या लोकांना नेतृत्व उपजतच येत असावं, किंवा त्याची त्यांना गरज पडत नसावी, किंवा ते फक्त निर्यातीसाठी बनवत असावेत. यातलं खरं काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

प्राध्यापक आत आले आणि सवयीने मी ताडकन उठलो. माझ्याबरोबर आणखी तिघं उठली. बाकीचा वर्ग बसलेलाच. प्राध्यापक दारातच थबकले आणि घाबरून म्हणाले, “काय झालं? आग लागलीय का?”

आग लागलेली नाही, हा आदर आहे, असं आम्ही चौघांनी चार तऱ्हेच्या इंग्रजीत समजावलं. (पुढचं सगळं मी सोयीसाठी मराठीत सांगतोय. आमच्या इंग्रजीत सांगितलं तर तुम्हीही घाबराल.) प्राध्यापक टेबलावर चढून बसले, पाय हलवत म्हणाले की या खोलीत कोणी गुरू नाही आणि कोणी शिष्य नाही, आपण सगळे सहप्रवासी आहोत, आणि मला माझ्या नावानेच हाक मारा. आता, माणूस माझ्याहून लहान असला तरी प्राध्यापक तो प्राध्यापक. त्याला एकेरी नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना, आणि ‘सर’ म्हटलं की त्यांचा चेहरा पडे. शेवटी मी खोकायला लागलो. वर्षभर मी त्यांना खोकूनच हाक मारली. त्यांनी मला दोनदा दवाखान्यात जायचा सल्ला दिला.

“तुम्ही चौघं उभेच आहात, तर तुमचा एक गट करू,” ते त्या दिवशी म्हणाले, आणि तिथेच माझ्या नशिबाला गाठ बसली.

या गटाची ओळख करून देतो. एक मोठ्या बाई. आपल्या देशात त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांच्या नुसत्या चष्मा काढण्याने तिथे तीन मजले शांत होत, असं त्या स्वतः सांगत. दुसरे तपासनीस. शाळा तपासणं हा त्यांचा पेशा, त्यामुळे ते कोणतीही वस्तू हातात घेत ती उलटी करूनच. तिसरा एक तरुण. त्याने अजून एकही तास शिकवला नव्हता, पण देशाचा शिक्षणमंत्री व्हायचं हे पक्कं होतं, म्हणून त्याला आम्ही भावी मंत्री म्हणत असू. आणि चौथा मी. आम्ही चौघं एकाच वसतिगृहात, एकाच मजल्यावर राहत होतो, आणि त्या मजल्याला मिळून एक स्वयंपाकघर होतं.

अभ्यासाचं म्हणाल तर सगळा भर ‘चिंतनपर लेखना’वर. मी पहिला निबंध लिहिला तो आमच्या पद्धतीने: ‘सदर विद्यार्थ्यास असे नम्रपणे वाटते की...’ प्राध्यापकांनी तो परत केला. “यात तुम्ही कुठे आहात?” त्यांनी विचारलं. मी त्यांना सांगणार होतो की महाराज, ज्या कागदात आपण कुठेच सापडत नाही तोच कागद आमच्याकडे वरपर्यंत जातो. पण नुसताच खोकलो. मग मात्र ‘मला वाटलं’, ‘मी आतून हललो’ असं लिहायची जी सवय लागली ती सुटेना. निबंध बरे उतरायला लागले. इतके बरे, की मी ते दर महिन्याला अध्यक्षांना पाठवायला लागलो. वर्षभर डोळ्याआड राहणाऱ्या माणसाने आपली आठवण तेवत ठेवलेली बरी, आणि खुर्चीच्या बाबतीत तर फारच बरी. ‘नेतृत्व ही खुर्ची नव्हे, ती एक प्रक्रिया आहे’, ‘दुसऱ्याला पुढे करून जो मागे उभा राहतो तोच खरा नेता’ ही त्यातली काही वाक्यं. अध्यक्षांचं उत्तर येई, ‘अप्रतिम.’

दुसऱ्या सत्रात प्रकल्प आला. ‘आपल्या परिसरात एक छोटासा बदल घडवून आणा’ एवढाच विषय. प्राध्यापक सत्राच्या शेवटी स्वतः येऊन तो बदल डोळ्यांनी पाहणार. बदल दिसला तर पास, नाही तर सगळा गट नापास, म्हणजे पदवी नाही, म्हणजे माझ्यापुरतं बोलायचं तर निवृत्तीपर्यंत चार बोटं.

बदल शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या मजल्याचा फ्रिज उघडला की डोळ्यांतून पाणी येत असे. खालच्या कप्प्यात अगदी मागे एक निळा डबा होता. तो कोणाचा होता हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याचं झाकण फुगून वर आलं होतं आणि भावी मंत्र्याचं म्हणणं होतं की तो डबा थोडा थोडा पुढे सरकतोय. फ्रिज स्वच्छ करायचा आणि स्वच्छ ठेवायचा, असं एकमताने ठरलं. आमचं एकमत त्यानंतर परत कशावरही झालं नाही.

कारण लगेच प्रश्न आला, नेता कोण? मोठ्या बाई म्हणाल्या, मतदान घ्या. गुप्त मतदान झालं आणि चौघांना एकेक मत पडलं. जरा वेळ कोणी कोणाकडे बघेना. मग भावी मंत्र्यानेच मार्ग काढला की पुस्तकात ‘विभागलेलं नेतृत्व’ नावाचा प्रकार आहे, तो आपण करू. आम्हाला हायसं वाटलं. आमच्याकडे त्यालाच बारभाईंचा कारभार म्हणतात, पण तो शब्द प्रबंधात चालत नाही.

प्राध्यापकांना विषय फारच आवडला. “मात्र,” ते म्हणाले, “यात माणसांचा संबंध आहे. तेव्हा नीतिसमितीची परवानगी लागेल.” नीतिसमिती म्हणजे एक हसतमुख बाई, एक कुंडी आणि एक संगणक. बाईंनी विचारलं, फ्रिज साफ केल्याने कोणाच्या भावना दुखावण्याचा संभव आहे का? मी म्हटलं, न केल्याने दुखावल्या जाताहेत. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. फ्रिजमध्ये ज्याची ज्याची वस्तू आहे त्या प्रत्येकाची लेखी संमती आणा, म्हणाल्या. बाकीच्यांच्या आणल्या. राहिला निळा डबा.

“त्याच्या मालकाची संमती?” बाईंनी हसून विचारलं.

“मालक सापडत नाही.”

“मग त्या डब्याला हात लावता येणार नाही. बाकीचा फ्रिज तुम्ही स्वच्छ करू शकता. डब्याच्या आजूबाजूने.”

त्या आठवड्यात घरी व्हिडिओ फोन लावला तेव्हा सौ. वह्या तपासत होती आणि काका शेजारी बसून होते. मी सगळी अडचण सविस्तर मांडली.

“अहो, डबा उचला आणि टाकून द्या ना,” सौ. म्हणाली.

“अगं, तसं करता येत नाही. तो माणूस या बदलातला भागधारक आहे.”

“कोण माणूस?”

“ज्याचा डबा आहे तो.”

“तो आहे कुठे?”

“तेच तर!”

तिने हातातली वही मिटली. “बरं, ऐका,” ती म्हणाली. “मी इकडे बदली तासांची पद्धत बदलली. आणि शिक्षकांच्या खोलीत एक फ्रिज घेतला, उन्हाने डबे खराब होत होते सगळ्यांचे. अध्यक्ष परवा येऊन बघून गेले. मुख्याध्यापकांची तब्येत बरी नसते ना हल्ली, म्हणून त्यांचाही चार्ज तात्पुरता...”

“फ्रिजवरून आठवलं,” मी म्हणालो, आणि नीतिसमितीच्या बाईंचं पुढचं पत्र तिला वाचून दाखवलं. काकांनी मधेच फोन ओढून घेतला. “मास्तर, एकाला झापलंत का अजून? नाही ना? म्हणूनच घोडं अडलंय!”

काकांचं ऐकलं नाही, पण गप्प बसवेनाही. भावी मंत्री सोडला तर आम्ही सगळी मुरलेली माणसं. काम होत नसलं की आमच्या पेशात एक रामबाण उपाय असतो: सूचना काढायची. मी झकासपैकी सूचना लिहिली. ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, निळ्या डब्याच्या मालकाने सदर डबा त्वरित हलवावा, अन्यथा योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ खाली लफ्फेदार सही केली आणि फ्रिजच्या दारावर चिकटवली. खूप दिवसांनी जरा बरं वाटलं.

संध्याकाळी पाहतो तर माझ्या सूचनेखाली मोठ्या बाईंची सूचना. ‘वरील सूचना गटाला न विचारता लावली आहे.’ दुसऱ्या दिवशी तपासनीसांची: ‘वरील दोन्ही सूचनांवर तारीख नाही.’ भावी मंत्र्याने तर आवाहनच लावलं, त्यात देश, युवक आणि परिवर्तन हे तिन्ही शब्द होते आणि डबा हा नव्हता. पाहता पाहता फ्रिजचं दार दिसेनासं झालं. आम्ही चौघांनी आजवर किती सूचना काढल्या असतील याला गणती नाही. पण सूचना निघाल्यावर पुढे काम नेमकं कोण करतं, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. आमच्या चौघांच्याही देशांत ते आपलं होऊन जात असे.

मग वसतिगृहाचे व्यवस्थापक आले. मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी सगळ्या सूचना काढल्या आणि तिथे स्वतःची एक लावली: ‘येथे सूचना लावू नयेत.’ तपासनीसांनी तिच्यावर तारीख नसल्याचं त्यांच्या निदर्शनास आणून दिलं. तेव्हापासून व्यवस्थापकांनी आमच्याशी बोलणंच सोडलं.

सत्र संपत आलं. प्राध्यापक यायच्या आदल्या दिवशी सकाळी आमची शेवटची बैठक झाली. तपासनीस म्हणाले, माझ्या सगळ्या नोकरीत एकच गोष्ट लागू पडलेली पाहिली आहे, अचानक तपासणी. फ्रिज बंद करू. सगळ्यांच्या वस्तूंवर आलं म्हणजे जो तो मालक धावत येईल, निळ्या डब्याचासुद्धा. आपण डब्याला हात लावणार नाही, तेव्हा नीतिसमितीलाही बोलायला जागा नाही. इतकी चोख कल्पना कोणाला सुचली की संशय यायला हवा. आम्हाला आनंद झाला. विभागलेल्या नेतृत्वाला अनुसरून बटण चौघांनी मिळून दाबलं, आणि आम्ही समाधानाने ग्रंथालयात निघून गेलो.

परत आलो तर सगळं वसतिगृह बाहेर अंगणात उभं. कोणी ओल्या केसांनी, कोणी एका पायात चप्पल घालून, एकाच्या हातात कढई. आतून भोंगा कोकलत होता. दाराशी आगीचा बंब उभा होता. झालं असं की फ्रिज बंद पडल्यावर निळ्या डब्याने वर्षभर आवरून धरलेला धीर सोडला. झाकण उडालं. आवाज झाला. वास असा सुटला की खालच्या मजल्यावरच्या कोणीतरी गॅस गळतोय म्हणून भोंगा वाजवला.

बंबावरचे अधिकारी तोंडाला फडकं बांधून बाहेर आले. हातात लांब चिमटा, चिमट्यात निळा डबा. त्यांनी गर्दीकडे बघून खणखणीत आवाजात विचारलं, “त्या स्वयंपाकघराचं नेतृत्व इथे कोण करतं?”

आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो प्रश्न हा. मी मोठ्या बाईंकडे बोट दाखवलं. त्यांनी तपासनीसांकडे. तपासनीसांनी भावी मंत्र्याकडे, आणि त्याने माझ्याकडे. नेतृत्व इतकं काटेकोर विभागलेलं मी त्याआधी कुठल्या पुस्तकातही पाहिलं नव्हतं.

डब्याचा छडा व्यवस्थापकांनी लावला. इतक्या महिन्यांनी ते आमच्याशी पहिल्यांदा बोलले. “डबा तुमच्याच अभ्यासक्रमाचा आहे,” ते म्हणाले. “मागच्या वर्षीच्या मुलांनी ठेवला होता. सामायिक जागेतली जबाबदारी कोण उचलतो, ते बघायचं होतं म्हणे त्यांना. ती सगळी पहिल्या वर्गात पास होऊन गेली. डबा राहिला.”

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी तो फ्रिज भंगारात धाडून नवा आणून ठेवला. दुपारी प्राध्यापक आले. आम्ही चौघं उठलो, सवयीपुढे नाइलाज होता. त्यांनी फ्रिज उघडला. आत शुभ्र, थंड, रिकामं. वास नाही, डबा नाही, कोणाची भाजीची काडी नाही. ते बराच वेळ आत बघत राहिले आणि मग वळले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. “मी आजवर बदल पाहिले,” ते म्हणाले, “पण इतका संपूर्ण बदल पाहिला नव्हता.” आम्हाला विशेष प्रावीण्य मिळालं. आमच्यापैकी कोणीही आपलं तोंड उघडलं नाही, आणि ते वर्षभरातलं आमचं एकमेव शिस्तबद्ध सामूहिक काम म्हणायला हवं.

पदवी घेऊन परतलो. घरी पिशव्या टाकल्या आणि सौ. काही सांगायला लागली तर म्हटलं, आधी अध्यक्षांना भेटून येतो, मग निवांत बोलू. नवा सदरा घालून, पदवी काचेत मढवून दुकानात गेलो. मला पाहताच अध्यक्ष कपाटांच्या रांगेतून पूर्ण उठून उभे राहिले. मला भरून आलं. पूर्ण उठणारा माणूस बहुधा वाईट बातमी देणार असतो, हे मला तोवर कोणी शिकवलं नव्हतं.

“सर, तुमचा निबंधन् निबंध मी वाचलाय,” माझे दोन्ही हात हातात घेऊन ते म्हणाले. “दुसऱ्याला पुढे करून जो मागे उभा राहतो तोच खरा नेता! वा! अहो, मॅडमनी वर्षभरात शाळा अशी चालवलीय की आता हलवणं जिवावर येत होतं. पण म्हटलं, सरांना काय वाटेल? रात्रंदिवस तोच घोर. मग तुमचं शेवटचं लेखन आलं, नेतृत्व ही खुर्ची नव्हे. मी त्याच दिवशी मॅडमना कायम केलं. तुमच्यासारखा मोठ्या मनाचा माणूस मी पाहिला नाही, सर.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आणि तेही दर महिन्याला दाखवून.

घरी आलो. सौ.ने माझा चेहरा बघितला आणि पाण्याचा पेला पुढे केला. “फोनवर मी किती वेळा सांगायला लागले,” ती म्हणाली. “दर वेळी तुम्ही फ्रिजवर जात होतात.”

मी पेला तसाच टेबलावर ठेवला. राग आला होता, हेवा वाटत होता, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या दोन्हींच्या खाली कुठेतरी तिचं कौतुकही वाटत होतं, त्यामुळे धड रागावताही येईना.

“तुम्हाला फार लागलं असेल तर मी सोडते,” ती म्हणाली. तिला ते सोपं गेलं नाही. पेल्याच्या कडेवरून तिचं बोट फिरत होतं. मला सगळं दिसत होतं. एका ‘हो’चं काम होतं, आणि उद्यापासून माणसं पूर्ण उठली असती.

“शाळा नीट चालली आहे ना?” मी विचारलं.

“चालली आहे,” ती म्हणाली. नम्रपणा वगैरे काही नाही. उदाहरण सोडवून झाल्यावर खाली उत्तर लिहावं तसं.

“मग राहू दे,” मी म्हणालो आणि पदवी भिंतीला टेकवून ठेवली. खिळा ठोकायचा धीर अजून झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. शिक्षकांच्या खोलीत शिरलो. तळवे टेकले, बुडं चार बोटं वर झाली. “या सर, कसं होतं परदेशात?” चित्रकलेच्या मास्तरांच्या भुवया वर गेल्या आणि खाली आल्या. मी बसतोय न बसतोय तोच दारात सौ. आली. खोली ताडकन उभी राहिली. मीही उभा होतो. कधी उठलो ते माझं मलाच कळलं नाही.

“बसा, सर,” ती मला म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात ‘अहो’खेरीज दुसरी हाक मी ऐकलेली नव्हती. मग ओठांचा कोपरा दाबत म्हणाली, “आणि सर, वेळ झाला की तेवढा आपला फ्रिज बघाल का? कोणीतरी काहीतरी ठेवून विसरलंय. तुमचा त्यात विशेष अभ्यास झालाय.”

खोलीत दबकं हसू पसरलं. ती निघून गेली. बस्स, म्हटलं. वर्षभर संमती घेतल्या, सूचना काढल्या, मतदान केलं. आज नाही. मी उठलो, फ्रिजचं दार उघडलं. मधल्या कप्प्यात मागे एक मोठा स्टीलचा डबा होता. त्यावर नाव नाही, गाव नाही. मी कोणाला विचारलं नाही. झाकण उघडलं, आतलं सगळं कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या टोपलीत उपडं केलं आणि रिकामा डबा टेबलावर खणकन आदळला.

मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. वळून बघतो तर सगळा शिक्षकवर्ग उभा. अर्धवट नाही, चार बोटं नाही, पूर्ण. चित्रकलेचे मास्तरसुद्धा. एक क्षण, अगदी एकच क्षण, मी पाठ ताठ करून त्या सगळ्यांकडे पाहिलं.

“सर,” चित्रकलेचे मास्तर चाचरत म्हणाले, “तो मॅडमचा डबा होता. आजचाच. दोघांचं एकत्रच आणलंय, म्हणाल्या होत्या.”